कंपनीचा शिपाई, नंबर चौदा

येळ्ळूरच्या गडावर शूटिंग होतं तेव्हा
बाबांना रोजी नऊशे रुपये
आणि मरायचे वेगळे दोनशे.

गोरे तिघेच होते, गोव्याहून आणलेले,
उन्हानं नाक सोललेले,
त्यातल्या एकाला तर इंग्रजीही धड येत नव्हतं.
बाकी कंपनी सरकारची सगळी फौज
आमच्याच गल्लीतली:
भैरू गवंडी, पोस्टातला इराप्पा,
केदनूरचे दोघे भाऊ, ज्यांना बूट लागले,
आणि चौदा नंबरचा लाल कोट घातलेले
भरमा वस्ताद, माझे बाबा,
ज्यांनी हिरोला सव्वा महिना पट्टा शिकवला होता.

हिरो चांगला पोरगा. रोज पाया पडायचा.
खरं त्याचं मनगट कॅमेऱ्याकडं बघायचं.
बाबा म्हणायचे, "पट्ट्यात मनगट नसतंच गा,
कोपरापासून पुढं सगळं लोखंड.
फिरायचं ते खांद्यानं. त्याच्याआधी पायानं."
डायरेक्टर म्हणाला, "वस्ताद, तुमचा वार दिसतच नाही."
बाबा म्हणाले, "दिसला तर समोरचा थांबंल काय?"
मग तो वार सावकाश करून घेतला,
दळण निवडल्यासारखा.

आमच्या घरात पट्टा नाही.
पणजोबांच्या आजानं तो कचेरीत नेऊन दिला,
हत्यारं जमा करायचा हुकूम होता.
पावतीवर कारकुनानं लिहिलं: लांब सुरी, एक.
पावती वाळवीनं खाल्ली.
तेव्हापासून वेळूची काठी,
मोहरमला डोल्यांच्या पुढं,
आणि तिला 'खेळ' म्हणायचं.
खेळ म्हटल्यावर साहेबसुद्धा खुर्ची टाकून बघायचा.

प्रत्येक शॉट दोनदा,
एकदा कन्नडमध्ये, एकदा मराठीत.
"हा मुलूख आमचा" असं हिरो दोन्हींत ओरडला,
आणि दोन्ही वेळा
तटाखाली उभे असलेले लोक टाळ्या वाजवत होते,
निम्मे इकडच्याला, निम्मे तिकडच्याला.
बाबांना संवाद नव्हता.
मरताना तोंडातून "आई गं" निघालं.
"कन्नडच्या टेकला अव्वा म्हणा."
"दोन्ही येतंय की मला," बाबा म्हणाले,
"खरं त्या वक्ताला कुठलं येईल, हे आधी कसं सांगू?"
शेवटी ठरलं: नंबर चौदा मुकाट मरेल.

तिसऱ्या टेकला
हिरोचा वार आला
आणि बाबांचा हात उठला.
मी तटावर पाण्याचे ग्लास भरत होते, मला एवढंच दिसलं
की हिरोची तलवार करवंदीच्या जाळीत पडलीय
आणि कंपनीच्या शिपायानं
बंडखोराच्या गळ्याशी लाकडी संगीन धरलीय.
कोणी कट म्हणालं नाही.
वरती घार फिरत होती, तीच काय ती हलत होती.
मग डायरेक्टर हसला. "वस्ताद, तुम्ही हरायचंय!"
बाबांनी संगीन खाली घेतली.
छातीवरची पितळी बटणं बघितली, एकेक.
"माफ करा," म्हणाले,
"हाताला कोट दिसला नाही."

कोटाचा रंग कच्चा होता.
रात्री आईनं न्हाणीत पाठीवर तांब्या ओतला
आणि लाल पाणी मोरीकडं धावलं.
ती काही बोलली नाही, दगडानं घासत राहिली.
मानेवरचा पट्टा आठवडाभर गेला नाही.
(तीनदा मेले, दोनशे एकदाचेच दिले.)

पिक्चर लागला तेव्हा
बेळगावात आम्ही मराठीतला बघितला.
बाबा चार सेकंद आहेत, तेही पाठमोरे.
ते पडले तशी पुढच्या रांगेतून
आमच्याच भैरूचा पोरगा ओरडला,
"मेला बघ, हरामखोर!"
आणि शिट्ट्या.
बाबांनीही वाजवली एक, दोन बोटं घालून.
मी अंधारात त्यांचा हात धरायला गेले.
कोपरापासून पुढं सगळं लोखंड.

इंटरव्हलला शेंगांची पुडी सोडता सोडता म्हणाले,
"पाय चुकला त्याचा. उजवा.
बाकी बरं मारलं मला."